महाविद्यालयाचे विश्वस्त : कोण आणि कोणाचे?

महाविद्यालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे प्राचार्य, प्राध्यापक, ग्रंथालय आणि परीक्षेच्या दिवसांत गजबजणारे कार्यालय उभे राहते. या सर्वांच्या वर बसणारे विश्वस्त मात्र स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवरील नावांपुरतेच आपल्याला ठाऊक असतात. वास्तविक प्राचार्य कोणाला नेमावे, इमारत कोणाकडून बांधून घ्यावी, कोणता अभ्यासक्रम चालू ठेवावा आणि कोणता गुंडाळावा, हे निर्णय याच मंडळींच्या हातचे. ही माणसे येतात कुठून, त्यांचा व्यवसाय काय, त्यांना तेथे कोणी बसविले आणि तेथून त्यांना कोण उठवू शकतो, हे विचारण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्निया राज्यात, कम्युनिटी कॉलेजांच्या बाबतीत हे प्रश्न उघडपणे विचारले जातात. तेथे सापडलेली उत्तरे सर्वस्वी समाधानकारक आहेत असे नाही. परंतु ज्यांचा संबंध महाविद्यालयाशी रोजचा आहे अशा शिक्षक, कर्मचारी आणि विद्यार्थ्यांनी तो अनुभव समजून घ्यावा, इतका तो बोलका आहे.

कम्युनिटी कॉलेज ही अमेरिकेतील एक विशेष संस्था आहे. आपल्याकडील रात्रमहाविद्यालय, औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि पदवीची पहिली दोन वर्षे एकाच छपराखाली आणली तर जे होईल, ते साधारणपणे तिचे स्वरूप. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली तिचा आरंभ झाला. कॅलिफोर्नियाने १९०७ साली कायदा करून माध्यमिक शाळांना पुढील अभ्यासक्रम शिकविण्याची मुभा दिली आणि १९१० साली फ्रेस्नो येथे त्या राज्यातील पहिले असे महाविद्यालय निघाले. आज त्या एका राज्यात अशी ११६ महाविद्यालये असून त्यांत सुमारे २० लाख विद्यार्थी शिकतात. दिवसा काम करून संध्याकाळी वर्गात बसणारा कामगार, परिचारिकेचे शिक्षण घेणारी गृहिणी, इंग्रजी शिकू पाहणारा नवागत स्थलांतरित, विद्यापीठाची फी न परवडणारा तरुण, अशांचे हे महाविद्यालय. श्रीमंतांच्या मुलांना त्याची गरज सहसा पडत नाही. म्हणूनच ते नीट चालते की नाही याला सामाजिक महत्त्व आहे.

तीन शब्दांची ओळख

या महाविद्यालयांच्या कारभारासाठी राज्याचे ७३ महाविद्यालयीन जिल्हे पाडलेले आहेत. ऑनलाइन शिक्षणासाठी अलीकडे निर्माण केलेला एक जिल्हा वगळता प्रत्येकाचे विश्वस्त मंडळ त्या भागातील मतदार निवडतात. मंडळ बहुधा पाच किंवा सात जणांचे आणि मुदत चार वर्षांची असते. निवडणुकीत पक्षाचे चिन्ह वा नाव नसते. त्याऐवजी उमेदवाराच्या नावाखाली मतपत्रिकेवर त्याचा व्यवसाय छापतात, आणि तोही साधारणतः तीन शब्दांच्या आत. चालू व्यवसाय, अथवा लगतच्या मागील वर्षातील व्यवसाय, एवढेच सांगण्याची परवानगी आहे. ‘श्रेष्ठ’, ‘तज्ज्ञ’, ‘सुविख्यात’ असली विशेषणे लावता येत नाहीत. ‘माजी’ हा शब्द चालत नाही; ‘निवृत्त’ मात्र चालतो. पक्ष, वंश वा धर्म यांचा उल्लेख वर्ज्य आहे. केलेल्या दाव्याबद्दल शंका आली तर पुरावा मागितला जातो आणि प्रकरण न्यायालयापर्यंतही जाते.

वरवर पाहता ही किरकोळ बाब वाटेल. परंतु ज्या पदासाठी मतदाराला उमेदवारांची फारशी माहिती नसते, त्या पदाच्या निवडणुकीत हे तीन शब्दच पुष्कळ काम करतात. ‘निवृत्त महाविद्यालयीन प्राध्यापक’ असे वाचले की मतदाराचा हात त्या नावाकडे वळतो. वकील, लघुउद्योजक, परिचारिका, कामगार संघटनेचा कार्यकर्ता, प्रत्येक शब्दाबरोबर एक प्रतिमा येते. पूर्वपीठिका म्हणजे विश्वस्ताची निम्मी पात्रता, असे जणू तेथील कायद्याने गृहीत धरले आहे. खरा वाद या गृहीतकाविषयीच आहे.

जुना वाद, नवे पेच

विद्यालयांचा कारभार कोणत्या वर्गातील माणसांच्या हाती असावा, हा प्रश्न अमेरिकेत शंभर वर्षांहून जुना आहे. थोर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थशास्त्रज्ञाने १९१८ साली उच्चशिक्षणावरील आपल्या ग्रंथात विद्यापीठांच्या मंडळांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व असण्यावर कडाडून टीका केली. नफ्यातोट्याच्या हिशेबाची सवय लागलेली माणसे विद्येचाही व्यापार करतील, असे त्याचे म्हणणे. १९२३ साली कादंबरीकार अप्टन सिंक्लेअर याने त्याच विषयावर एक जळजळीत पुस्तक लिहिले. कम्युनिटी कॉलेजे निवडणुकीच्या मार्गाने गेली ती या टीकेला उत्तर म्हणूनच, असे म्हणता येणार नाही. सार्वजनिक शाळांच्या निवडून आलेल्या मंडळांची परंपरा त्यांना वारशाने मिळाली होती. तथापि मोजक्या धनिकांऐवजी सामान्य नागरिकांनी विश्वस्त निवडावेत, ही कल्पना त्या टीकेच्या वातावरणात अधिकच आकर्षक ठरली असली पाहिजे.

निवडणुकीने धनिकांची मक्तेदारी नाहीशी होते, परंतु त्यांच्या जागी येतो तो निव्वळ विद्याप्रेमी माणूसच असे नाही. राजकारणाची पहिली पायरी म्हणून या पदाकडे पाहणारे पुष्कळ असतात. १९६९ साली लॉस एंजेलिसचा महाविद्यालयीन जिल्हा शाळांच्या मंडळापासून वेगळा झाला आणि त्याच्या सात जागांसाठी शंभराहून अधिक उमेदवार उभे राहिले. त्यांत सर्वांत पुढे राहिला तो जेरी ब्राउन नावाचा तरुण वकील, एका माजी गव्हर्नराचा मुलगा. पुढच्याच वर्षी तो राज्याच्या सचिवपदी निवडून आला आणि १९७५ मध्ये गव्हर्नर झाला. महाविद्यालयांच्या कारभारात त्याचे मन किती काळ रमले असेल, हे वाचकांनीच ठरवावे.

याच्या उलट बाजूला शिक्षक आहेत. शिकविणाऱ्यालाच शिक्षणाचे मर्म कळते, तेव्हा मंडळावर शिक्षक असावेत, हे कोणालाही पटेल. पण त्याच महाविद्यालयाचा सेवक त्याच महाविद्यालयाचा विश्वस्त झाला तर स्वतःच्या वेतनावर तो स्वतःच मत देईल. म्हणून कॅलिफोर्नियाच्या कायद्याने नोकरीचा राजीनामा दिल्याखेरीज कर्मचाऱ्याला आपल्याच जिल्ह्याच्या विश्वस्तपदाची शपथ घेता येत नाही. शेजारच्या जिल्ह्यातील शिक्षकाला मात्र ही अडचण नाही. तथापि पेच एवढ्याने सुटत नाही. १९७५ च्या कायद्याने शिक्षक संघटनांना सामुदायिक वाटाघाटींचा अधिकार मिळाला. तेव्हापासून मंडळ एका बाजूला आणि संघटना दुसऱ्या बाजूला बसून करार करतात. फार थोडे मतदार ज्यात रस घेतात अशा निवडणुकीत संघटनेचा पाठिंबा, तिची पत्रके आणि तिचे कार्यकर्ते यांचे वजन अर्थातच मोठे असते. मग करारासाठी टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेली माणसे कधीकधी एकमेकांच्या उपकाराखाली असतात. संघटनांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही. ज्यांना महाविद्यालयाची आस्था आहे त्यांनी निवडणुकीत भाग घ्यावा हे योग्यच आहे. दोष असेल तर तो घरी बसणाऱ्या मतदाराचा आहे. जागेइतकेच उमेदवार उभे राहिले तर मतदान घेण्याचीही गरज पडत नाही, अशी तरतूद कायद्यात आहे आणि ती वापरली जाते.

जिल्हा मोठा असेल आणि सर्व मतदार सर्व जागांसाठी मतदान करीत असतील, तर प्रचाराचा खर्च पेलणाऱ्यांनाच संधी मिळते आणि अल्पसंख्य वस्त्यांतील उमेदवार मागे पडतात. २००१ सालच्या कॅलिफोर्निया मतदान हक्क कायद्याने अशा पद्धतीला न्यायालयात आव्हान देणे सोपे केले. त्यानंतर अनेक जिल्ह्यांनी लहान लहान विभाग पाडले आणि प्रत्येक विभागाने आपल्यातूनच एक विश्वस्त निवडायचा असे ठरविले. मंडळांवर कोण माणसे येतात यावर अशा बदलाचा परिणाम सद्भावनेच्या आवाहनांपेक्षा अधिक होतो. पूर्वपीठिका हा व्यक्तीचा गुण असला, तरी कोणत्या पूर्वपीठिकेच्या माणसाला दार उघडे आहे हे नियम ठरवितात.

पैसा आणि पारदर्शकता

मंडळाच्या हाती पैसा किती आणि कशाचा, यावरही विश्वस्तांची कसोटी अवलंबून असते. १९७८ सालच्या जनमतकौलाने स्थावर मालमत्तेवरील करावर मर्यादा आली आणि स्थानिक मंडळांची स्वतः कर ठरविण्याची सत्ता जवळजवळ संपली. अर्थसाहाय्याचे केंद्र राज्याच्या राजधानीकडे सरकले. १९८४ साली या महाविद्यालयांत प्रथमच सर्वांकडून प्रवेशशुल्क घेण्यास सुरुवात झाली. म्हणजे विश्वस्त स्थानिक, पण पैसा राज्याचा, अशी स्थिती झाली. आपल्या अनुदानित संस्थांतील शिक्षकांना ती सहज ओळखू येईल.

इमारतींचा पैसा मात्र स्थानिकच राहिला. २००० सालच्या दुसऱ्या एका जनमतकौलाने बांधकामासाठी कर्जरोखे काढण्यास लागणारे मताधिक्य दोनतृतीयांशावरून ५५ टक्क्यांवर आणले, आणि त्याबरोबर नागरिकांच्या देखरेख समितीची अट घातली. लॉस एंजेलिसच्या नऊ महाविद्यालयांसाठी २००१ ते २००८ या काळात मतदारांनी सुमारे ५७० कोटी डॉलरांचे रोखे मंजूर केले. या पैशातून झालेल्या कामांतील उधळपट्टी आणि निकृष्ट बांधकाम यांवर ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने २०११ साली एक लेखमाला प्रसिद्ध केली. एवढ्या मोठ्या बांधकामावर देखरेख करण्यासाठी लागणारे ज्ञान निवडून आलेल्या सात माणसांपाशी असेलच असे नाही. त्यांना स्वतःला स्थापत्यशास्त्र यावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण ठेकेदाराला नेमके कोणते प्रश्न विचारायचे, एवढे तरी विश्वस्ताला कळले पाहिजे.

येथे उपयोगी पडते ती तेथील खुल्या कारभाराची चौकट. १९५३ सालच्या कायद्यानुसार मंडळाच्या बैठका जनतेला खुल्या असतात. नियमित सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते आणि कोणाही नागरिकाला सभेत बोलण्याचा हक्क असतो. १९७४ च्या कायद्यानुसार विश्वस्तांना आपले आर्थिक हितसंबंध दरवर्षी लेखी जाहीर करावे लागतात. १९८८ पासून अभ्यासक्रमासारख्या विषयांत शिक्षकांच्या सभेशी विचारविनिमय करण्याचे बंधन मंडळावर आहे. विद्यार्थ्यांचा प्रतिनिधी मंडळात बसतो. त्याचे मत निर्णायक नसते, पण त्याच्या समक्ष बोलावे लागते. आणि मतदार विश्वस्ताला मुदतीपूर्वी परतही बोलावू शकतात. मतपत्रिकेवरील तीन शब्दांत जे मावत नाही ते या मार्गांनी बाहेर येऊ शकते.

दोन उदाहरणे

एवढी चौकट असूनही मंडळे कोलमडतात. लॉस एंजेलिसच्या दक्षिणेकडील कॉम्प्टन हा कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या कष्टकऱ्यांचा भाग. तेथील महाविद्यालयाचा आर्थिक कारभार इतका विसकटला की २००४ साली राज्याने निवडून आलेल्या मंडळाचे अधिकार काढून घेऊन विशेष विश्वस्त नेमला. २००५ साली अधिस्वीकृती देणाऱ्या आयोगाने मान्यता रद्द करण्याचा निर्णय घेतला आणि २००६ मध्ये ती संपली. राज्याने ३ कोटी डॉलरांच्या कर्जाची तरतूद केली आणि शेजारच्या एल कमिनो महाविद्यालयाचे केंद्र म्हणून तेथील वर्ग चालू ठेवले. मान्यता परत मिळाली ती २०१७ साली, आणि महाविद्यालय पुन्हा स्वतंत्र झाले ते २०१९ मध्ये. विश्वस्तांच्या काही वर्षांच्या बेपर्वाईची किंमत तेथील विद्यार्थ्यांनी दशकाहून अधिक काळ मोजली. विश्वस्त त्याच वस्तीतील होते. त्या वस्तीची पूर्वपीठिका त्यांची स्वतःची होती. केवळ आपल्यातला माणूस असणे पुरेसे नाही, हा कॉम्प्टनचा धडा.

सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजचा धडा नेमका उलटा आहे. २०१२ साली अधिस्वीकृती आयोगाने त्या महाविद्यालयाला कडक इशारा दिला आणि २०१३ साली पुढील वर्षापासून मान्यता काढून घेण्याचे जाहीर केले. आक्षेपांचा मुख्य रोख आर्थिक शिस्त आणि कारभार यांवर होता. त्याच सुमारास राज्याने निवडून आलेल्या विश्वस्तांना बाजूला सारून सर्व अधिकार एका विशेष विश्वस्ताकडे दिले. भीतीने विद्यार्थिसंख्या झपाट्याने घसरली. शहराच्या विधिअधिकाऱ्याने आयोगावर दावा लावला. न्यायालयाने २०१४ च्या आरंभी मान्यता काढण्यास स्थगिती दिली आणि पुढे आयोगाने कार्यपद्धतीत कायद्याचा भंग केल्याचा निर्णय दिला. विश्वस्तांना अधिकार टप्प्याटप्प्याने परत मिळाले आणि २०१७ च्या जानेवारीत महाविद्यालयाची मान्यता पूर्ववत कायम झाली. येथे तज्ज्ञ म्हणून आलेली माणसे मतदारांना उत्तर देण्यास बांधलेली नव्हती. त्यांना जाब विचारण्यासाठी न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तज्ज्ञताही लोकांच्या विश्वासाची जागा घेऊ शकत नाही.

या दोन उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष साधा आहे. विश्वस्त व्यापारी आहे, शिक्षक आहे, वकील आहे की राजकारणी आहे, यावरून त्याची लायकी ठरत नाही. प्रत्येक व्यवसाय आपल्याबरोबर एक ज्ञान आणतो आणि एक हितसंबंधही आणतो. ज्ञानाचा उपयोग व्हावा आणि हितसंबंधाला आळा बसावा, यासाठी ती पूर्वपीठिका सर्वांना ठाऊक असली पाहिजे, आणि ज्यांच्यासाठी संस्था आहे त्यांच्यापैकी कोणाला तरी त्या विश्वस्ताला जाब विचारता आला पाहिजे. यांतील एक गोष्ट असून दुसरी नसेल तर पहिलीचा उपयोग नाही.

आपल्या अंगणात

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिकविणारेच संस्थेचे चालक होते. आजीव सभासदांनी अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवेचे बंधन पत्करले होते. १८९० साली लोकमान्य टिळक त्या संस्थेतून बाहेर पडले, त्या वादात आजीव सभासदांनी बाहेर अर्थार्जन करावे की नाही हा एक कळीचा मुद्दा होता. चालकाचे हितसंबंध कोठे गुंतले आहेत हा प्रश्न मराठी माणसाने त्याही काळी इतक्या तीव्रतेने विचारला होता. पुढे कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि पंजाबराव देशमुखांनी १९३२ साली अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, तेव्हा बहुजन समाजातील माणसे चालकांच्या जागी आली. विश्वस्तांची पूर्वपीठिका बदलली आणि तिच्याबरोबर विद्यार्थ्यांचीही बदलली. हे फार मोठे सामाजिक कार्य होते.

१९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि चित्र पुन्हा पालटले. संस्था काढण्यासाठी लागणारी जमीन, भांडवल आणि मंत्रालयातील वजन ज्यांच्यापाशी होते ते पुढे आले. चारच वर्षांनी, १९८७ साली, देणगीशुल्काला प्रतिबंध करणारा कायदा राज्याला करावा लागला, यातच पुष्कळ काही आले. सहकारी कारखान्याचा अध्यक्ष शिक्षणसंस्थेचाही अध्यक्ष, आणि पुढे त्याच्याच घरातील माणसे विश्वस्त, हे दृश्य आता कोणाला नवलाचे वाटत नाही. अशा काही संस्था उत्तम चालतात हेही मान्य केले पाहिजे. पण चांगल्या चालल्या तर तो चालकांचा मोठेपणा, आणि वाईट चालल्या तर आपले नशीब, ही व्यवस्था म्हणता येत नाही.

आपला कायदा अगदीच मुका आहे असेही नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या १९५० च्या अधिनियमानुसार धर्मादाय कार्यालयात विश्वस्तांची नावे नोंदलेली असतात आणि त्यांत फेरफार झाला तर ९० दिवसांत कळवावा लागतो. पण त्या नोंदीतून विश्वस्त कोण एवढेच कळते. तो ठेकेदार आहे की पुरवठादार, कोणाचा मुलगा वा जावई, हे कळत नाही. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने प्रत्येक संलग्न महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती आणली. तीत तीन शिक्षक, एक शिक्षकेतर कर्मचारी, चार स्थानिक सदस्य आणि विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष व सचिव यांना स्थान आहे. अध्यक्षस्थानी मात्र व्यवस्थापनाचाच माणूस असतो आणि अंतिम सत्ता संस्थेचीच राहते. तरीही तेथे अंदाजपत्रक मांडले जाते आणि तेथे प्रश्न विचारता येतो. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य घेणाऱ्या संस्था माहितीच्या अधिकाराच्या कक्षेत येतात असा निर्वाळा दिला. ज्या संस्थेचे वेतन सरकारी तिजोरीतून होते, तिचा कारभार खासगी मानण्याचे कारण उरलेले नाही.

कॅलिफोर्नियाप्रमाणे आपणही विश्वस्तांची निवडणूक घ्यावी, असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. निवडणुकांचे आपले अनुभव पाहता ते धाडसाचेच ठरेल, आणि कॉम्प्टनचे उदाहरण समोर आहेच. परंतु तेथील तीन शब्दांचा नियम आणि हितसंबंधांचे वार्षिक निवेदन या दोन गोष्टी उसन्या घेण्यास काय हरकत आहे? प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर विश्वस्तांची नावे, त्यांचा प्रत्यक्ष व्यवसाय, परस्परांतील नाते आणि संस्थेशी असलेले आर्थिक व्यवहार एवढे चार रकाने लावावेत. त्यासाठी नव्या मंडळाची वा मोठ्या खर्चाची गरज नाही. जे विश्वस्त निःस्वार्थ सेवा करीत आहेत त्यांना याचा त्रास होणार नाही. ज्यांना होईल, त्यांचा त्रास हेच या उपायाचे समर्थन ठरेल.

तोवर शिक्षकांनी, कार्यालयातील कर्मचाऱ्यांनी आणि विद्यार्थी प्रतिनिधींनी विकास समितीतील आपल्या जागा केवळ सहीपुरत्या न ठेवता तेथे बोलावे. बैठक झाली नसेल तर ती मागावी, आणि झाली असेल तर इतिवृत्त वाचावे. आपल्या महाविद्यालयाच्या विश्वस्तांची यादी घेऊन प्रत्येक नावापुढे तीन शब्द लिहून पाहावेत. जेथे ते लिहिता येणार नाहीत, तेथून चौकशीला आरंभ करावा.